जॅझ त्रिकूट आणि स्ट्रिंग क्वार्टेट: दौऱ्याआधी काय काय ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा: पियानो, डबल बेस आणि ड्रम्सचं त्रिकूट जर्मनीत राहतं. येत्या हिवाळ्यात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये आठ कार्यक्रम आहेत. सोबत दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असं क्वार्टेट घ्यायचं आहे. सभागृहं दीडशे ते तीनशे आसनांची. लेखन कसं करावं, तालमी किती लागतील, आवाज कसा जुळवावा आणि प्रवासात काय अडतं?

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून टाका. स्पीकर बंद असताना सातही जणांना एकमेकांचं वाजवणं ऐकू आलं पाहिजे. लेखन, बैठक, ड्रम्सची निवड, तालमींचा क्रम, सगळं या कसोटीवर घासून बघा. जे दौरे फसतात, त्यांत बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते: त्रिकूट नेहमीसारखं वाजतं, क्वार्टेट त्यावर चढवलेलं असतं आणि राहिलेलं सगळं साउंड इंजिनिअरच्या गळ्यात टाकलेलं असतं. तीनशे आसनांच्या सभागृहात कुठलाही इंजिनिअर हे सावरू शकत नाही, कारण ड्रम्सचा मूळ आवाजच व्हायोलिनच्या माईकमध्ये शिरतो. व्हायोलिन वाढवलं की झांजाही वाढतात.

लेखनातली पहिली अडचण पियानोवादकाच्या डाव्या हाताची असते. जॅझमधला नेहमीचा तीन कॉर्ड्सचा क्रम, साधं दोन-पाच-एक घ्या: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. क्वार्टेटला धरून ठेवायला हे सुंदर बसतं. चेलोला मधल्या सी-खालचा एफ, मग एफ, मग ई. व्हायोलाला ए, ए, जी. दुसऱ्या व्हायोलिनला मधला सी, मग बी, बी. पहिल्या व्हायोलिनला मधल्या सी-वरचा ई, ई, डी. कोणीही एका स्वरापेक्षा जास्त सरकत नाही, मूळ स्वर बेसकडे राहतो. पण आता हेच चार स्वर पियानोवर बघा. बिल एव्हान्सनंतरच्या जवळजवळ प्रत्येक जॅझ पियानोवादकाचा डावा हात सवयीने नेमका याच जागी, याच चार स्वरांवर पडतो. दोन्ही एकत्र वाजलं की क्वार्टेट नाहीसं होतं, कारण पियानोचा आघात आधी ऐकू येतो आणि बोचा (तारांवर फिरवायच्या गजाचा) आवाज त्यामागे उमटतो. शिवाय पियानोची स्वरजुळणी समसमान अंतरांची, तर क्वार्टेट कानाने शुद्ध अंतरांकडे झुकणारं, त्यामुळे स्वर किंचित भांडतात. म्हणून प्रत्येक आठ बारांसाठी पार्टवर (प्रत्येक वादकाच्या स्वरलेखनाच्या कागदावर) लिहून टाका की तिथे हार्मनी कोण धरतंय. क्वार्टेट धरत असेल तर पियानोच्या पार्टवर डाव्या हाताला विश्रांतीची खूण हवी. "ऐकून ठरवू" असं म्हटलं की चौथ्या कार्यक्रमापर्यंत डावा हात परत जागेवर आलेला असतो.

दुसरी टक्कर चेलो आणि डबल बेसची. बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झची, चेलोचा सर्वांत खालचा सी ६५ हर्ट्झचा. वॉकिंग बेस (प्रत्येक मात्रेवर एक स्वर घेत चालणारा बेस) चालू असताना चेलोला व्हायोलाच्या खालच्या सी-खाली (१३१ हर्ट्झ) लांब स्वर दिले की बेसची पावलं विरघळतात. श्रोत्याला फक्त घुमारा ऐकू येतो आणि दोष बेसवादकावर येतो. वॉकिंग असेल तेव्हा चेलोला वरच्या दोन तारांवर ठेवा. चेलोच्या खालच्या दोन तारा फार देखण्या आहेत, त्यांच्यासाठी बेस मुद्दाम गप्प बसेल अशा जागा राखा. बॅलडच्या (संथ गाण्याच्या) सुरुवातीला किंवा ड्रम्सच्या एकल वादनानंतर अशी जागा सहज निघते.

स्विंगबद्दल जरा सविस्तर, कारण इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. पार्टवर सरळ आठवे भाग लिहून वर "स्विंग" एवढंच लिहिलं तर शास्त्रीय शिक्षण झालेले वादक प्रत्येक जोडी दोन-एकच्या वाटणीत, पहिल्या स्वरावर जोर देऊन वाजवतात. कानाला ते घोड्याच्या दुडक्या चालीसारखं लागतं. खऱ्या वादनात ही वाटणी लयीप्रमाणे बदलते. संथ आणि मध्यम लयीत लांब-आखूड फरक स्पष्ट असतो, लय फार वेगवान झाली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. याहून महत्त्वाचं म्हणजे बो कुठे वळतो. स्लर (एकाच बोमध्ये जोडलेले स्वर) कमकुवत भागावर, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या उपमात्रेवर, सुरू करून पुढच्या मात्रेवर संपवा, म्हणजे "आणि-एक, आणि-दोन" अशा जोड्या होतात. त्यामुळे बोची दिशा उपमात्रेवर बदलते आणि जोर आपोआप तिथे पडतो. प्रत्येक स्वरावर आघाताची खूण द्या: कुठे आखूड, कुठे पूर्ण, कुठे जवळजवळ गिळलेला. व्हायब्रॅटो (स्वराला दिलेलं कंपन) कमी, आणि असलाच तर लांब स्वराच्या शेवटी. सगळ्या बोइंग्ज (बोच्या दिशांच्या खुणा) पहिल्या व्हायोलिनवादकाकडून तपासून घ्या आणि मगच पार्ट छापा. तालमीत चार जणांनी पेन्सिलीने बोइंग्ज बदलत बसण्यात अर्धा तास सहज जातो.

तंतुवाद्यांना फक्त लांब स्वर देणं हा आळस आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तीन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, हार्प आणि ओबो असा ताफा होता. तंतुवाद्यं बहुतांशी सॅक्सोफोनच्या मागे पसरलेली होती, आणि त्या काळच्या लोकप्रिय गीतांसाठी ते योग्यही होतं. ड्रमर मॅक्स रोच यांनी १९८० च्या दशकात आपल्या चौकडीला अपटाउन स्ट्रिंग क्वार्टेट जोडलं, त्यात त्यांची कन्या मॅक्सीन व्हायोला वाजवत असे. तिथे तंतुवाद्यं लयीच्या कामात उतरलेली दिसतात. त्रिकुटासाठी हा दुसरा रस्ता जास्त उपयोगाचा. पिझिकाटोचे (बोटाने तार छेडून काढलेले) आखूड ठोके, ड्रम्सच्या वाक्यांना जोडलेले एकस्वरी फटके आणि चॉप. चॉपमध्ये बोचे केस मुठीजवळून तारेवर जवळजवळ उभे टाकतात आणि सूर न निघता कोरडा ठोका निघतो. हे तंत्र व्हायोलिनवादक रिचर्ड ग्रीन यांनी ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या फिडलवादनात आणलं आणि डॅरोल अँगर यांनी ते क्वार्टेट वादनात पसरवलं. याने ड्रम्सना सोळा-सोळा बार पूर्ण विश्रांती देता येते. मात्र यात बोचे केस तुटतात. वादकांना आधी कळवा म्हणजे ते कार्बन फायबरचा दुसरा बो आणतील.

आता पार्ट. साध्या प्रिंटरवरचा दाटीवाटीचा ए-फोर कागद स्टँडवर अंधारात वाचवत नाही. पाचरेषांची उंची सात मिलिमीटर ठेवा आणि कागद थोडा मोठा घ्या. पान उलटायची जागा विश्रांतीतच यायला हवी. बोवरून पिझिकाटोवर जायला किमान एक सेकंद द्या, परत बोवर यायला त्याहून थोडा जास्त. आठ बारांपेक्षा लांब विश्रांती असेल तर बेस किंवा पियानोची ओळख पटेल अशी ओळ बारीक टाइपात छापा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार क्रमांक आणि रचनेच्या प्रत्येक भागाला अक्षर. इथे एक चूक हमखास होते. क्वार्टेटच्या पार्टवर बार १ ते १८४ असतात आणि त्रिकुटासमोर जुनी एका पानाची लीड शीट (फक्त चाल आणि कॉर्ड्स लिहिलेला कागद) असते. तालमीत "९७ पासून" असं कोणी म्हटलं की तिघं एकमेकांकडे बघतात. त्रिकुटालाही त्याच अक्षरांचे, त्याच क्रमांकांचे पार्ट द्या.

सोलोच्या जागा मोकळ्या ठेवायच्या तर त्यातून बाहेर पडायचा रस्ता पक्का हवा. आठ बारांचं आवर्तन लिहा, त्यावर "इशारा मिळेपर्यंत". इशारा सोलो करणाऱ्याने शेवटच्या आवर्तनाच्या पहिल्याच बारावर द्यायचा, म्हणजे क्वार्टेटला वाद्य उचलायला वेळ मिळतो. पियानोवादक इशारा पहिल्या व्हायोलिनला देतो आणि पहिलं व्हायोलिन श्वास घेऊन बाकी तिघांना. एकाच माणसाने सात जणांना खुणा करण्यापेक्षा ही साखळी भरवशाची आहे. पार्श्वभूमीच्या ओळींवर "पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी वाजवा" असं ठळक लिहा.

वादक निवडताना पहिला प्रश्न: एकच क्वार्टेट आठही ठिकाणी न्यायचं की प्रत्येक शहरात स्थानिक शोधायचं? सलग चार किंवा जास्त कार्यक्रम असतील तर एकच न्या. स्थानिक क्वार्टेटला प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशी तीन तासांची तालीम लागते. तिचं मानधन, सभागृहाचं भाडं आणि तुमचा जास्तीचा मुक्काम धरला तर बचत फारशी उरत नाही, आणि लेखनही सोपं करावं लागतं. मधला मार्ग म्हणजे पहिलं व्हायोलिन आणि चेलो सोबत न्यायचे, आतले दोन आवाज, म्हणजे दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला, स्थानिक. टोकाचे दोन वादक पक्के असले की मधले त्यांना धरून वाजवतात. निवडताना वादक वाचतो किती पटकन यापेक्षा तो ड्रम्ससोबत कधी वाजला आहे का, हे विचारा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या व्हायोलिनवादकांची पिढी इतकी मोलाची ठरली त्याचं एक कारण हेच होतं. चर्चच्या संगीतशाळेत स्वरलेखन पक्कं झालेलं आणि नाचाच्या बँडमध्ये ठेका अंगात भिनलेला, असे दोन्ही गुण एकाच माणसात होते. युरोपात आज असे वादक टँगो किंवा लोकसंगीतात वाजवणाऱ्यांमध्ये जास्त सापडतात.

तालमी: क्वार्टेटची स्वतंत्र एक, तीन तासांची. मग एकत्र दोन, प्रत्येकी तीन तासांच्या. एकत्र तालमीत क्रम पाळा. आधी क्वार्टेट आणि फक्त बेस, त्यात सूर आणि लय दोन्ही बसतात. मग ब्रशवर ड्रम्स. पियानो शेवटी. सगळे एकदम सुरू झाले की क्वार्टेट पियानोच्या आधाराने वाजायला लागतं, आणि पियानो सोलोवर गेला की लटपटतं. सत्तर-पंचाहत्तर मिनिटांच्या कार्यक्रमात क्वार्टेटच्या सहा रचना पुरेशा आहेत, मध्ये दोन त्रिकुटाच्या एकट्याच्या ठेवा. चेलो एकट्याने सुरू करेल अशी एक रचना असू द्या.

सूर जुळवणं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात सभागृहातला पियानो ४४२ किंवा ४४३ हर्ट्झवर असू शकतो. आयोजकाला आधी विचारा आणि बेसवादकाला ट्यूनर त्यावर लावायला सांगा. क्वार्टेटने पियानोचा फक्त ए घेऊन पुढे शुद्ध पंचम लावले तर चेलोचा खालचा सी पियानोपेक्षा सुमारे सहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो आणि व्हायोलिनचा ई दोन सेंट चढतो. एकट्या क्वार्टेटमध्ये ते खपून जातं, पियानोसोबत मोकळ्या तारेवर लगेच टोचतं. सी आणि ई दोन्ही पियानोवरूनच घ्या.

बैठक. पियानो प्रेक्षकांच्या डावीकडे, झाकण प्रेक्षकांकडे उघडणारं. बेस पियानोच्या खोबणीत. क्वार्टेट उजवीकडे अर्धवर्तुळात, पहिलं व्हायोलिन पियानोवादकाच्या थेट नजरेत. ड्रम्स मध्ये, थोडे मागे. उजव्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) प्रेक्षकांच्या उजवीकडे येतो, म्हणजे क्वार्टेटला दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा ठेका जवळून ऐकू येतो आणि राइड झांज (सतत ठेका धरणारी मोठी झांज) लांब राहते. क्वार्टेट आणि ड्रम्स यांच्यात अडीच ते तीन मीटर ठेवा. याहून जवळ आणलं तर कान आणि माईक दोन्ही जातात. फार लांब नेलं तर लय जुळत नाही: आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, तीन मीटरला नऊ मिलिसेकंद, आठ मीटरला तेवीस. बोने वाजवलेला स्वर मुळात उशिरा उमलतो, त्यात हे तेवीस मिळाले की क्वार्टेट सतत मागे ओढल्यासारखं वाटतं. मोठा रंगमंच मिळाला म्हणून पसरून बसू नका.

ड्रम्स अठरा इंची बेस ड्रमचे, खाली सतरंजी, सेव्हन-ए जाडीच्या (बारीक) काठ्या आणि ब्रश. क्रॅश झांज घरी ठेवा. राइड पातळ आवाजाची, शक्यतो फ्लॅट (मधला उंचवटा नसलेली). ड्रमरला "हळू वाजव" सांगून काम होत नाही, कारण मोठी झांज हळू वाजवली की तिचा रंगच जातो. वाद्यच लहान घ्या, मग तो मोकळेपणाने वाजवू शकतो.

माईक: चारही तंतुवाद्यांना वाद्याला चिमटवायचे कंडेन्सर माईक, डीपीए ४०९९ सारखे, ४८ व्होल्ट फँटमसह (माईकला मिक्सरमधून मिळणाऱ्या विजेसह). वर क्वार्टेटसाठी एक जोडी, पियानोला दोन, बेसला माईक आणि डीआय (पिकअपचा आवाज थेट मिक्सरला जोडणारी पेटी) मिळून दोन, ड्रम्सना तीन, निवेदनाला एक. एकूण चौदा वाहिन्या, त्यांची यादी आयोजकाला तीन आठवडे आधी पाठवा. हाय-पास (ठरावीक पातळीखालचा आवाज कापणारी गाळणी) व्हायोलिनला १८० हर्ट्झच्या आसपास, व्हायोलाला १२०, चेलोला ६०. घोडीवरचा पिकअप फक्त राखीव म्हणून ठेवा, त्याचा आवाज टोकदार आणि कोरडा येतो. मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) क्वार्टेटला थोडा पियानो आणि बेस द्या, स्वतःचा आवाज जवळजवळ नको, ड्रम्स अजिबात नको. कोणी "मला मी ऐकू येत नाही" म्हणालं तर आधी ड्रम्स कमी करा, मग खुर्ची फिरवा, आणि अगदी शेवटी मॉनिटर वाढवा. साउंडचेकला नव्वद मिनिटं मागा. सर्वांत शांत रचनेने सुरुवात करा, स्पीकर बंद ठेवून. शेवटची पंधरा मिनिटं सर्वांत वेगवान रचनेला.

प्रवास हिवाळ्यातला आहे म्हणून सांगतो. तापवलेल्या सभागृहांत हवेची आर्द्रता तीस टक्क्यांखाली जाते. तंतुवाद्यांना चाळीस ते साठ मानवते. खुंट्या सैल होतात, जोड उघडतात, कधी वाद्याच्या पुढच्या फळीला चीर जाते. बाहेरून आलेली पेटी बंदच ठेवून अर्धा तास खोलीत राहू द्यावी, मग उघडावी. विमानाने जायचं असेल तर चेलोला स्वतंत्र आसन लागतं. ते संकेतस्थळावर नेहमीच्या नावाने काढलं तर दारावर अडवलं जाऊ शकतं, त्यामुळे फोनवरून किंवा एजंटाकडून केबिन बॅगेज म्हणून, सीबीबीजी या संकेताने नोंदवा. डबल बेस आणि ड्रम्स प्रत्येक ठिकाणी भाड्याने घ्या. करारात लिहा: तीन-चतुर्थांश आकाराचा बेस, घोडीची उंची कमी-जास्त करता येणारी. बेसवादकाने आपला बो आणि पिकअप, ड्रमरने स्नेअर, पॅडल आणि झांजा न्याव्यात. एवढ्या सामानात सात जण आणि चेलो लांब नऊ आसनी व्हॅनमध्ये बसू शकतात, आणि ती साध्या बी (कारच्या) परवान्यावर चालते.

स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेर आहे. माईक, अँप आणि महागड्या वाद्यांसाठी एटीए कार्नेट (वस्तू शुल्क न भरता तात्पुरत्या नेऊन परत आणायचा सीमाशुल्क दाखला) काढा, प्रत्येक वस्तूचा क्रमांक आणि किंमत लिहून. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो बो सीमेपार नेऊच नका, ते कागद वेळेत होत नाहीत.

पैशांत दोन गोष्टी अनपेक्षितपणे येतात. क्वार्टेट जर्मनीबाहेर राहणारं असेल तर जर्मनीतला आयोजक त्यांच्या मानधनातून १५ टक्के कर आणि त्यावरचा अधिभार कापतो. प्रति वादक प्रति कार्यक्रम २५० युरोपर्यंत मानधन असेल तर कापत नाही. करारात आकडा निव्वळ आहे की ढोबळ हे स्पष्ट लिहा. दुसरी गोष्ट हक्कांची. आयोजकाचं गेमा, एकेएम किंवा सुइसा (जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या संगीतहक्क संस्था) यांचं शुल्क सादरीकरणाचं असतं, दुसऱ्याच्या गाण्याची नवी लिखित अरेंजमेंट करायची तर प्रकाशकाची परवानगी वेगळी. संगीतकार जॉर्ज गर्श्विन १९३७ मध्ये गेले म्हणून त्यांची गाणी मोकळी झाली असं अनेकांना वाटतं. पण शब्द त्यांचे भाऊ आयरा यांचे असतील तर युरोपीय संघात ते १९८३ मध्ये गेल्यापासून सत्तर वर्षं मोजतात, म्हणजे २०५३ अखेरपर्यंत. रेडिओने मुद्रण केलं तर क्वार्टेटचं मानधन वेगळं, हेही आधीच ठरवा.

आजारपण गृहीत धरा. प्रत्येक रचनेत व्हायोलाचे जरुरीचे स्वर दुसऱ्या व्हायोलिनच्या आणि चेलोच्या पार्टमध्ये बारीक टाइपात छापून ठेवा, म्हणजे तिघांवर सहापैकी चार रचना निभावतात. पहिला व्हायोलिनवादक किंवा चेलोवादक आजारी पडला तर तसं करू नका. त्या दिवशी त्रिकुटाचाच कार्यक्रम करा, त्यासाठी तीन जास्तीच्या रचना तयार ठेवा आणि आयोजकाशी करारात हा पर्याय लिहून घ्या. सगळ्या पार्टच्या फाइल एका टॅबलेटवर आणि एक छापील संच व्हॅनमध्ये, वादकांच्या पेटीत नाही.